काही झालं तर कोण येतं?

"काही झालं तर कोण येतं?" मी विचारलं.

सोफ्यावर बसलेल्या मुलीने टॅबवरून मान वर केली. संजना तिचं नाव. एका विमा कंपनीकडून आली होती, गळ्यात ओळखपत्र, ओठांना लिपस्टिक, आणि बोलणं अगदी गोड.

"म्हणजे, मॅम?"

"म्हणजे समजा माझ्या घरात आग लागली. पाणी भरलं. मी तुम्हाला कळवलं. मग माझ्या दारात कोण येतं? त्या माणसाचं नाव काय?"

"मॅम, कोणी यायची गरजच नाही ना! ॲप आहे आपलं. फोटो काढायचा, अपलोड करायचा, बस. एकदम सिंपल. घरबसल्या सगळं होतं."

"घर जळल्यावर बसू कुठे?"

ती हसली. मला काही हसू आलं नाही. तिने चहा अर्धा प्यायला, बिस्किटाला हात लावला नाही, आणि निघताना विचारलं, "मग मॅम, फायनल करू या?" मी म्हटलं, "कळवते." आता 'कळवते' म्हणजे काय ते आपल्यात शेंबड्या पोरालाही समजतं, पण ती बिचारी पुढचे आठ-दहा दिवस फोन करत राहिली. मीही उचलत राहिले. खोटं कशाला बोलू, दुपारी फोन वाजला की बरं वाटायचं.

विम्याचं हे खूळ माझ्या डोक्यात आपोआप शिरलेलं नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावर पंढरीनाथ राहायचे, मुंबईतल्या एका छापखान्यात नोकरीला. मे महिन्यात सगळं कुटुंब गावी गेलेलं असताना त्यांच्या घरात एसीच्या वायरीने पेट घेतला. मीरा रोडच्या बिल्डिंगी तुम्हाला माहीत आहेत, एकीच्या खिडकीतून दुसरीच्या खिडकीत मीठ मागावं एवढं अंतर. अग्निशमनवाल्यांची गाडी गल्लीत वळेपर्यंत हॉल, कपाटं, मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या साड्या, सगळ्याचा कोळसा झाला. दुसऱ्या दिवशी पंढरीनाथ आले आणि जिन्यात उभे राहिले. आत जायला पाय उचलेना. मी त्यांना पाणी दिलं तर म्हणाले, "वहिनी, विमा काढायचा राहून गेला हो." तेच परत परत म्हणत होते.

माझा मुलगा रोशन मस्कतला असतो. त्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं, तर तो लगेच म्हणाला, "आई, मी आत्ता काढतो ना तुझा. ऑनलाइन कंपेअर करायचं, बरी दिसेल ती घ्यायची. पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटांत माझी मेथीची जुडी निवडून होत नाही," मी म्हटलं. "मी बघते काय ते. माहिती काढल्याशिवाय मी कुणाच्या गळ्यात माळ घालणार नाही."

रोशन हसला. त्याला माहीत आहे मी कशी आहे ते. गिरगावातून आम्ही इकडे राहायला आलो तेव्हापासून आमच्या समाजातली लग्नं जुळवायचं काम मी केलं. पैशासाठी नाही, हौस म्हणून. दादर ते डहाणूपर्यंतच्या स्थळांची खडान्‌खडा माहिती माझ्याकडे असायची. आणि त्यात मी एक शिकले. मुलाचा पगार, घर, शिक्षण हे मुलाकडचे सांगतात. ते कुणीही सांगेल, सांगायला काय जातं? आपण जायचं ते त्यांच्या गल्लीतल्या वाण्याकडे, इस्त्रीवाल्याकडे. त्यांच्या घरी जायचं तर न कळवता, अवेळी, आणि आलेल्या माणसाला पाणी कोण आणून देतं ते बघायचं. त्या घरात आधी आलेली सून असली तर तिला एकटीला गाठायचं. एवढं केलं की मग खुशाल मुलगी द्यावी. मी जुळवलेल्या लग्नांत दोन-तीन फिसकटली असतील, जास्त नाहीत. पण आता ते सगळं मोबाइलवर गेलं. मुलं-मुली आपापलं बघतात, आणि छानच बघतात. मला आता बारशाचंही बोलावणं येत नाही.

तर विम्याचंही मी तसंच करायचं ठरवलं. संजनाची कंपनी बाद झाली, तेव्हा स्टेशनजवळच्या एका दुसऱ्या कंपनीच्या शाखेत मी भर दुपारी, जेवणाच्या वेळेला जाऊन बसले. आत गारेगार एसी. तीन टेबलं, दोन रिकामी. एक म्हातारे गृहस्थ तिसऱ्यासमोर उभे होते. वादळात घरावरचे पत्रे उडाले होते त्यांच्या.

"अंकल, टोल फ्री पे कॉल करो ना," टेबलावरची मुलगी डबा उघडता उघडता म्हणाली.

"बेटा, टोल फ्रीवालों ने ही तो इधर भेजा."

"तो फिर मेल करो."

त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. मी माझी खुर्ची त्यांना दिली आणि तशीच जिना उतरून खाली आले. शितावरून भाताची परीक्षा, अजून काय बघायचं?

आत्माराम चुरींना माझ्याकडे पंढरीनाथांनी पाठवलं. "माझ्या मागे किती वर्षं लागले होते ते, मीच टाळत राहिलो," म्हणाले. चुरी साठीच्या पुढचे. भाईंदर पश्चिमेला राहणारे, जुन्या स्कूटरवर हिंडणारे, विम्याच्या धंद्यात हाडं खिळखिळी झालेले. हॉलमध्ये आले, चपला दाराबाहेर काढल्या, आणि सोफ्यावर बसायच्या आधी म्हणाले, "ताई, मीटर कुठे आहे?"

मीटर बघितला. स्वयंपाकघरातला बोर्ड बघितला. गिझरच्या प्लगला हात लावून म्हणाले, "हा आधी बदलून घ्या. विमा नंतर. हा असाच राहिला तर विमा घेऊन तुम्ही करणार काय?"

मी म्हटलं, अरे वा! हे स्थळ बघण्यासारखं दिसतंय.

मग त्यांनी मला समजावलं. बिल्डिंगचा विमा सोसायटीने काढलाय का ते आधी विचारा, म्हणजे भिंतींचे पैसे दोनदा भरायला नकोत. घराची बाजारातली किंमत लावू नका, परत बांधायला जो खर्च येतो तेवढाच मिळतो. दागिन्यांचं विचारलं तर मी म्हटलं, मंगळसूत्र सुनेला दिलं, आता या दोन बांगड्या. "मग दागिन्यांचा वेगळा हप्ता कशाला? उगाच," ते म्हणाले. स्वतःच्याच कमिशनवर पाणी सोडणारा एजंट मी पहिल्यांदाच बघत होते.

मी माझा प्रश्न विचारला. काही झालं तर कोण येतं?

"आत्तापर्यंत तरी मीच आलोय," चुरी म्हणाले.

मनातल्या मनात मी तेव्हाच होकार दिला होता. पण पहिल्या भेटीत होकार देणारी बाई मी नव्हे. मी म्हटलं, "विचार करते. पुढच्या गुरुवारी या." ते पुढच्या गुरुवारी आले. मी भूकंपाचं विचारलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी चोरीचं विचारलं. मग वरच्या मजल्यावरून पाणी झिरपलं तर, मग कुंडी पडून खालच्या माणसाला लागली तर, मग मी महिनाभर मस्कतला गेले आणि घर बंद राहिलं तर. मस्कतचं तिकीट कोणी काढलंय! पण ते सगळ्याची उत्तरं द्यायचे, शांतपणे, चहाचे घोट घेत. गुरुवारी मी सकाळीच आलं किसून ठेवायची. साडी बदलायची. हॉलमधल्या खुर्चीवरचे वाळलेले कपडे आत नेऊन टाकायची. बाकीचे दिवस त्या खुर्चीवर कपडेच असतात, कारण बसायला कोणी येतच नाही.

हसायचं असेल तर हसा. हे गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकू येतो तो टीव्हीचा. समोरच्या दाराआड एक तरुण जोडपं राहतं, सकाळी सातला कुलूप लावून जातं ते रात्री उघडतं. ते कोणतं दूध घेतात ते मला माहीत आहे, नाव माहीत नाही. घर जळायची भीती मला होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. घर जळलं तर मी कुणाला सांगायचं? पंढरीनाथांना जिन्यात पाणी द्यायला मी होते. मला कोण देणार होतं?

तरी रीत म्हणजे रीत. मी चुरींना स्पष्टच म्हटलं, "ज्यांचे पैसे तुम्ही मिळवून दिलेत असं एक घर सांगा. मी जाऊन विचारून येणार." दुसरा कोणी असता तर चिडला असता. चुरी म्हणाले, "जरूर जा. नवघरला पार्वतीबाई आहेत, देवळामागे. माझ्यासमोर नको, एकट्याच जा, म्हणजे ती खरं बोलेल." बघा! ही अक्कल चांगल्या चांगल्या वरपित्यांना नसते.

शेअर रिक्षाने नवघरला गेले. दोन्हीकडे नव्या बिल्डिंगी आणि मध्ये तुळशीवृंदावन असलेलं एक बैठं घर. पार्वतीबाई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. एकेकाळी त्यांची मिठागरं होती, आता मुलाच्या दोन रिक्षा आहेत. मी कशाला आले ते सांगितलं तर आधी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आत्मारामभाऊ? तो काय एजंट हाय व्हय! तो घरचाच हाय आमचा," त्या म्हणाल्या. "खाडीचा पानी घरान शिरला, तवा ढोपराएवढ्या पान्यान आला तो. कंपनीचा मानूस बोलला, न्हाय मिलनार. ह्यो गप बसला न्हाय. परत परत गेला. माझा पोरगा कटालला, पन ह्यो न्हाय कटालला."

"आणि पैसे मिळाले?"

"मिलाले ना. पन बाय, पैशाचं सोर. त्या दिशी आमची चूल पेटली न्हाय. त्यानं घरशी भाकऱ्या आनल्या, सगल्यांना वाडल्या, नि मंगच कागद काडले. आसा मानूस कुटं गावतो सांग."

मी परत येताना रिक्षात बसल्या बसल्या ठरवून टाकलं. आता लांबवण्यात अर्थ नव्हता. शिवाय पॉलिसी घेतली की दरवर्षी नूतनीकरणाला ते येणार, मध्ये काही लागलं तर येणार. माझं काम झालं होतं.

पुढच्या गुरुवारी मी साजूक तुपातला शिरा केला. होकार द्यायचा तर तोंड गोड करूनच द्यावा. चुरी आले, बसले. मी बशी पुढे ठेवली आणि म्हटलं, "पार्वतीबाईंकडे जाऊन आले. माझं ठरलं. तुमच्याकडूनच घेणार. काढा कागद."

चुरींनी चमचा उचलला आणि परत खाली ठेवला.

"ताई, माझ्याकडून घेऊ नका."

"म्हणजे?"

"तुमच्या मुलाला सांगा ऑनलाइन काढायला. कंपनी मी सांगतो, हीच घ्या. चांगली आहे, क्लेम देते. ऑनलाइन स्वस्तही पडेल."

"मला स्वस्त नकोय. मला तुमच्याकडून हवीय. महाग पडू दे."

"मी येईन म्हणूनच ना?" त्यांनी विचारलं.

मी बशी उगाच त्यांच्याकडे सरकवली. चोराच्या मनात चांदणं.

"मी येणार नाही, ताई," ते म्हणाले. "एजन्सी सोडतोय मी. आमच्या हिला विसरायला होतं. आधी गॅस विसरायची, आता मलाच विसरते. मागच्या आठवड्यात दार उघडून खाली गेली, स्टेशनपर्यंत पोचली. गुरुवारी माझी मेहुणी येऊन तिच्यापाशी बसायची म्हणून मी बाहेर पडायचो. मेहुणी आता मुलीकडे निघाली सुरतला. हिला एकटं सोडून मी कुठे जाऊ?"

"हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"आज सांगायचंच ठरवून आलो होतो. तुम्ही कागद काढा म्हणालात, म्हणून आधी सांगितलं. सही घेऊन मग सांगणं मला जमलं नसतं."

मला असा राग आला, असा राग आला! त्या माणसाचा नाही, कोणाचा ते मलाही कळेना. मी म्हटलं, "मग इतके गुरुवार आलात कशाला? भूकंप काय, कुंडी काय, मी विचारत राहिले आणि तुम्ही सांगत राहिलात. तुम्हाला कळत नव्हतं होय, बाई नुसती वेळ काढतेय ते?"

"कळत होतं की."

"मग?"

चुरींनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "घरी दिवसभर कोणी माझ्याशी बोलत नाही, ताई. ती बोलते, पण ती मला पोस्टमन समजते. इथे आलं की कोणीतरी काहीतरी विचारायचं. बरं वाटायचं."

खालून भंगारवाला ओरडत गेला. मी उठले, शिरा डब्यात भरला, आणि दारात त्यांच्या हातात दिला. "वहिनींना द्या," म्हटलं. त्यांनी डबा घेतला, चपला घातल्या. जिन्याच्या वळणावर थांबून म्हणाले, "गिझरचा प्लग बदललात ना?"

"बदलला."

"बरं झालं."

स्कूटर सुरू व्हायला जरा वेळ लागला. मी गॅलरीत गेले नाही.

रविवारी रोशनचा फोन आला. मी म्हटलं, "काढ बाबा तुझा तो विमा." आणि कंपनीचं नाव सांगितलं.

"अगं पण ते चुरीकाका? तू तर म्हणालीस, असा माणूस शोधून सापडायचा नाही."

आमच्यात नकार कसा कळवतात तुम्हाला माहीत आहे. मुलगी काळी आहे, मुलगा बावळट आहे असं कधी कोणी सांगत नाही. ज्याचं त्याचं नाक वर राहावं म्हणून दोन्हीकडचे एकच सांगतात. ते वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी किती घरी नेऊन पोचवलं असेल.

"पत्रिका जमली नाही," मी म्हटलं.

"आई, काय गं तू!" तो हसायला लागला. मग कीबोर्डचा आवाज यायला लागला. तो विचारत गेला, मी सांगत गेले. बिल्डिंग किती सालची, मजला कितवा, खिडक्यांना ग्रिल आहे का. त्याचं मराठी आता जरा अडखळतं, पण माझं वय मात्र त्याने न विचारता बरोबर भरलं. मला बरं वाटलं.

"हं, आता एकच राहिलंय," तो म्हणाला. "तुला फोन लागला नाही तर जवळच्या कोणाला करायचा, तो नंबर मागतायत."

"माझाच दे."

"तुझा वर दिलाय. तोच परत घेत नाही."

"मग तुझा दे."

"इकडचा चालत नाही, आई. इंडियातला हवा. पंढरीकाकांचा देऊ?"

"ते विरारला भाड्याने गेले. त्यांच्या मागे आधीच काय कमी आहे!"

"मग समोरचे? नाहीतर सोसायटीतलं कोणी? कोणाचाही दे, कोणी फोन करत नाही गं. नुसता भरायचा असतो."

नुसता भरायचा असतो. मी दाराकडे बघितलं. उठून समोरची बेल वाजवायची आणि नाव माहीत नसलेल्या त्या पोरीला सांगायचं, मला काही झालं तर तुला फोन येईल, चालेल ना? लोकांच्या दारात जाऊन मी त्यांच्या मुली मागितल्या आहेत, त्यांची मुलं मागितली आहेत, कधी जीभ अडखळली नाही. हे मात्र मला जमेना.

"लिहून घे," मी म्हटलं. "झिरो टू टू..."

"लँडलाइन? कोणाचा?"

"घे तू." आणि मी आकडे सांगायला लागले. तोंडपाठ होते. तो लिहीत होता, आणि मध्येच कीबोर्डचा आवाज थांबला.

"आई, हा तर..."

"हो."

हा फोन आमच्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या तिपाईवर असायचा. सकाळी दूध यायच्या आधी वाजायला सुरुवात व्हायची ती रात्री जेवणं झाली तरी वाजत राहायचा. गिरिजाबाई आहेत का, गिरिजाताईंना द्या जरा. रोशनची दहावी होती तेव्हा तो वैतागून रिसीव्हर काढून ठेवायचा आणि मी ओरडून परत ठेवायला लावायची. मोबाइल आल्यावर बिल भरणं नकोसं झालं, मग आम्हीच तो बंद करून टाकला. त्यालाही आता किती वर्षं झाली.

"अजून तीन आकडे राहिलेत," मी म्हटलं. "सांगू, की आहेत तुझ्या लक्षात?"

तीन वेळा कीबोर्ड वाजला.

"घेतला, आई," तो म्हणाला.